सात जण, पाच गोल आणि सेव-उसळ

फुटबॉलमध्ये टीमचे अकरापैकी निदान सात प्लेयर मैदानात असले की मॅच सुरू होते, सहा झाले की होत नाही, हे मॅच कमिशनरच्या खुर्चीत बसणारा कोणीही झोपेतसुद्धा सांगेल. पण त्या सातच्या आकड्यापायी एकाच पोराला एका क्लबची माणसं "ऊठ ऊठ" आणि दुसऱ्या क्लबची माणसं "झोप झोप" म्हणून ओरडतायत आणि गंमत म्हणजे पोरगा दोघांपैकी कोणाचाच नाही, हे मी मॅच कमिशनर म्हणून आमच्या बडोद्यातच बघितलं, तेही लीगच्या शेवटच्या दिवशी.

क्लबांची नावं देत नाही. म्हणायला शहर, पण इथले फुटबॉलवाले सगळे एकमेकांच्या घरच्या लग्नात जेवलेले आहेत. जर्सीच्या रंगावर भागवू.

पिवळ्यांची शेवटची मॅच सकाळी ८ ला होती, ते जिंकले, गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले) +११ वर थांबला. निळे तीन पॉइंट मागे, डिफरन्स +६, आणि त्यांची मॅच १० ला पांढऱ्यांशी, म्हणजे तळाच्या टीमशी. निळ्यांना नुसतं जिंकून भागणार नव्हतं, सहा गोलांनी जिंकायचं होतं, कारण पाचने जिंकले तर डिफरन्स सारखा होतो आणि मग एकूण केलेले गोल बघतात, तिथे पिवळे पुढे होते. आता चॅम्पियनशिप ठरवणाऱ्या अशा दोन मॅच एकाच वेळी लावायच्या असतात हे आम्हालाही कळतं हो, पण ग्राउंड एक, तेही मांजलपूरकडच्या शाळेचं भाड्याने घेतलेलं, साडेबाराला वॉचमन किल्ल्या वाजवत येतो, आणि त्या दिवशी रेफरींचा संचही एकच मिळाला होता. मग पिवळे आंघोळ बिंघोळ करून, सेव-उसळ खाऊन, आरामात टचलाइनवर येऊन बसले, आपला कप जातो की राहतो ते बघायला.

आणि पांढरे आले सात.

जानेवारीचा शेवट, कमूर्ता (लग्नं न लावायचा महिना) संपलेला, मुहूर्तांची झुंबड, आणि त्यांच्या कॅप्टनच्या बहिणीचं लग्न नेमकं त्याच दिवशी पादरा गावाला. टीमचा जवळजवळ अख्खा डिफेन्स मांडवात. जे सात आले त्यातला गोलकीपर उत्तरायणात मांजाने बोट कापून घेतलेला, ग्लव्हच्या आत पट्टी. बघायला आलेला त्यांचा एक मावसभाऊ किट घालून तयार झाला होता, पोरं मला म्हणे काका याला खेळवा ना, दहावीपर्यंत खेळलाय. म्हटलं बाबा, एआयएफएफच्या (देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या) सीआरएसवर, म्हणजे ऑनलाइन नोंदणीत, याचं तुमच्या क्लबकडून रजिस्ट्रेशन आहे का? नाही. मग हा मैदानात उतरला तर सात जणांनी खेळून हरण्यापेक्षा वाईट होईल, तुमच्यावर बिनरजिस्टर प्लेयरची केस होईल. पोरं बिचारी गप्प बसली. टीमशीटवर सातच नावं, बदली प्लेयरच्या रकान्यात आडवी रेघ.

आमच्या नियमावलीत त्या वेळी एक ओळ होती: एखाद्या टीमच्या कारणाने मॅच थांबली तर समोरच्या टीमला ३-० ने विजय. पूर्णविराम. पुष्कळ ठिकाणी पुढे 'किंवा मैदानावरचा फरक त्याहून जास्त असेल तर तो' असं असतं, आमच्या आधीच्या कोणीतरी वॉकओव्हर डोळ्यांसमोर ठेवून ते टाइप केलं असणार, ते शेपूट राहूनच गेलं. एरवी फरक काही पडत नाही. त्या दिवशी असा पडला की पांढऱ्यांचा एक जरी पोरगा बाहेर गेला तर निळे कितीही गोलांनी पुढे असोत, हातात येणार ३-०, आणि कप पिवळ्यांकडे.

हाफटाइमला ३-० होतं. पांढरे पाच जण मागे, एक पुढे, असे दात-ओठ खाऊन खेळत होते, गोलकीपरने तर कमालच केली. सत्तराव्या मिनिटाला ५-० झालं आणि त्यांचा लेफ्ट बॅक पोटरी धरून बसला. क्रॅम्प.

इथे रेफरीची खरी कसोटी. फिजिओला आत बोलावलं की ट्रीटमेंट घेतलेल्याला बाहेर जावं लागतं, बाहेर गेला की सहा, आणि सहा असताना खेळ परत सुरू करता येत नाही. रेफरीने शांतपणे विचारलं, फिजिओ पाहिजे? पोराने मान हलवली, नको. मग त्याचा पाय सरळ करून, बुटाचं टोक धरून अंगठा वर दाबायला कोण आलं, तर निळ्यांचा स्ट्रायकर! ज्याने त्याच्यासमोरून तीन गोल मारले तोच गुडघ्यावर बसून त्याची पोटरी चोळतोय आणि म्हणतोय, "ऊभो था भाई, दस मिनिट." निळ्यांचा कोच लाइनजवळ ग्लुकोजची बाटली घेऊन उभा. पलीकडून पिवळे, "सूई जा, सूई जा!" त्यातल्या एका मोठ्या माणसाने (मोठा म्हणजे वयाने) तर हात वर करून सांगितलं, बाहेर ये बेटा, सगळ्या टीमला सेव-उसळ माझ्याकडून.

माझं टाळकं सटकलं. उठून गेलो, सगळ्या पिवळ्यांना टचलाइनपासून पार गुलमोहराच्या पलीकडे हाकललं, आणि ते वाक्य माझ्या कागदावर वेळेसकट लिहून घेतलं. तेवढ्यात कंपाउंडच्या जाळीतून एक आजोबा विचारतायत, "स्कोअर काय झाला?" पाच म्हटलं. "विकेट किती?" बडोदं आहे हे, इथे हजारे आणि गुल मोहम्मदने १९४७ च्या रणजी फायनलमध्ये ५७७ ची पार्टनरशिप केलेली, फुटबॉलला कोण विचारतो.

पुढचं सगळं एका मिनिटात झालं. ७९ वं मिनिट, निळे जोरात चढून आलेले, तोच लेफ्ट बॅक लंगडत स्वतःहून लाइनबाहेर गेला आणि बसला. रेफरीने शिट्टी मारली नाही, आणि बरोबर होतं ते, कारण कोणी आपणहून बाहेर गेल्यामुळे सहा झाले तर लगेच खेळ थांबवायचं बंधन नसतं, अॅडव्हान्टेज देता येतो, मात्र बॉल बाहेर गेला की सात झाल्याशिवाय परत सुरू करता येत नाही. शॉट आला, पट्टीवाल्या गोलकीपरने बोटाच्या टोकाने बाहेर काढला. कॉर्नर.

आता मैदानात पांढरे सहा. निळ्यांचा पोरगा कॉर्नरला बॉल ठेवून थांबलेला. रेफरी लेफ्ट बॅककडे बघतोय, एक शब्द बोलत नाही. गुलमोहराखाली बोंबाबोंब. पोरगा खाली बघत बसलेला, मग हातावर जोर देऊन उठला, रेफरीकडे बघून हात वर केला, रेफरीने आत ये म्हणून खूण केली, हा लंगडत जाऊन जवळच्या पोस्टला उभा राहिला. कॉर्नर आला दूरच्या पोस्टला. हेडर. ६-०.

उरलेला वेळ पांढऱ्यांनी सात जणांवर काढला, त्यात दोघं नुसते चालत होते. संपल्यावर मी गोलकीपरला विचारलं, कशाला रे एवढा हट्ट, तुमचं काय जाणार होतं? म्हणाला, "लग्न सोडून आलो ते काय झोपायला?" आणि सगळे त्याच घामट जर्सीत इको गाडीत कोंबून पादऱ्याला पळाले.

पिवळ्यांचा प्रोटेस्ट मुदतीत आला, फीच्या पाकिटासकट. मुद्दा एकच, सहा झाले तिथेच मॅच संपली, ३-० द्या. संध्याकाळी दांडिया बाजारात कमिटी बसली, कोणाच्या तरी ऑफिसच्या माळ्यावर, चहा आणि लिलो चेवडो (ओला चिवडा). रेफरीचा रिपोर्ट आणि माझा रिपोर्ट तंतोतंत जुळला: बाहेर गेला तेव्हा बॉल खेळात, खेळ परत सुरू झाला तेव्हा आत सात, परत आला तो रेफरीच्या परवानगीने. मैदानावर काय झालं याबाबत रेफरीचा निर्णय शेवटचा असतो. प्रोटेस्ट फेटाळला, फी जप्त.

वाद झाला तो सेव-उसळीवरून. एक ज्येष्ठ मेंबर म्हणाले, अहो नाश्त्याचं काय लिहिता रिपोर्टमध्ये, पोरं हसतील. मी ऐकलं नाही. समोरच्या टीमच्या पोराला मॅच सोडण्यासाठी काहीतरी देऊ करणं याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीय, रक्कम नाश्त्याएवढीच असली म्हणून नाव बदलत नाही. तासभर घासाघीस झाल्यावर पिवळ्यांना लेखी ताकीद गेली. ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत, समोर आले की रस्ता क्रॉस करतात.

पुढच्या सीझनच्या आधी त्या ३-० च्या ओळीला शेपूट जोडलं, आणि मुहूर्ताच्या रविवारी फिक्स्चर लावायचं नाही हेही ठरवलं, तर आता तक्रार अशी की मुहूर्त सोडले, परीक्षा सोडल्या, नवरात्र सोडली, तर रविवार उरतातच किती.