चिमटे उन्हात ठेवू नका

आमच्या बिल्डिंगची गच्ची सामायिक आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर जातो, तेव्हा कुणी ना कुणी तिथे असतंच. "काका, तुमचे चिमटे कुठले हो? आमचे तर दोन महिन्यांत तुटतात." हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल त्याची गणती नाही. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी विचारलं. पुण्याहून लग्न होऊन इंदूरला आल्यात, इथल्या उन्हाचा त्यांचा पहिलाच उन्हाळा. माझ्या हातात रिकामी बादली, त्यांच्या हातात भरलेली, जिन्यात उभ्याउभ्या अर्धंमुर्धं सांगितलं. त्यांना, आणि आजवर ज्यांना ज्यांना असंच अर्धवट सांगून मी खाली उतरलो त्या सगळ्यांना, आज नीट सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. माझे चिमटे स्टीलचे आहेत, एकाच तारेतून वळवलेले. २०१४ साली चोवीस घेतले होते, आज बावीस आहेत. दोन हरवले, तुटला एकही नाही. पण एवढंच ऐकून दुकानात जाऊ नका. माझ्याकडे साधे प्लास्टिकचे बारा चिमटेही आहेत, कुठल्याही दुकानात मिळतात तसले, आणि त्यांना सात वर्षं झाली. तुमचे दोन महिन्यांत जातात ते त्याच जातीचे आहेत.

फरक एवढाच, की माझे चिमटे उन्हात राहत नाहीत. कपडा उन्हात असतो दोन-तीन तास. तो काढला की आपण चिमटा तिथेच दोरीला लावून खाली येतो, उद्या लागणारच आहे म्हणून. म्हणजे कपड्याला दोन तास ऊन आणि चिमट्याला दिवसभर, बाराही महिने. हे चिमटे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. उन्हातले अतिनील किरण त्या प्लास्टिकच्या लांब लांब साखळ्या तोडत जातात. आधी चकाकी जाते. मग रंग विटतो. मग बोट फिरवलंत तर बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. इथवर आला की तो चिमटा संपलेला असतो, फक्त तुटायचा राहिलेला असतो. एके दिवशी दाबला की स्प्रिंग बसते त्या खाचेपाशीच कटकन जातो, कारण सगळा ताण तिथे येतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि उष्णता हे काम आणखी लवकर उरकते.

मी पीथमपूरला एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत होतो. पार्ट का तुटला हे तुटलेल्या जागेवरून ओळखायचं, हीच माझी नोकरी. त्यामुळे हे ताडून पाहिल्याशिवाय मला चैन पडलं नाही. एकाच पाकिटातले चोवीस चिमटे घेतले. बारा दोरीवर सोडले, बारा रोज कपड्यांबरोबर काढून जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवले. होळीला सुरुवात केली होती. दिवाळीपर्यंत दोरीवरचे नऊ गेले. डब्यातले बाराच्या बारा शाबूत होते, आणि वर सांगितलेले सात वर्षांचे ते हेच. तेव्हा ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी इथेच वाचायचं थांबवलं तरी चालेल. झाकणाचा डबा घ्या, कपडे काढताना चिमटा आधी डब्यात टाका, मग कपडा खांद्यावर. प्लास्टिकचेच घ्यायचे असतील तर त्यातल्या त्यात काळे बघा. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असली तर ती किरण आतवर जाऊ देत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्याचं एक कारण हेच आहे.

आता कपड्यांचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगतो, कारण बाकीचं सगळं मी त्यातूनच शिकलो. २०१२ साली हिचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायची पंचाईत, मग दोरीवर चादर कुठली टाकणार? मी म्हटलं, मी टाकतो, त्यात काय आहे. पहिल्या दिवशी मशीनमधून निघालेले कपडे जसे होते तसे बोळे दोरीवर लटकवून आलो. दुसऱ्या दिवशी ही प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवर येऊन बसली. "अहो, झटका ना आधी!" ते झटकणं मला अजून हिच्यासारखं जमत नाही. शर्टाचे दोन्ही खांदे धरून मनगटातून असा झटका, की फट् असा आवाज यायला हवा. आवाज आला म्हणजे सुरकुती गेली, इस्त्रीचं अर्धं काम तिथेच झालं. शर्ट उलटा करून खालच्या घेराला चिमटे लावायचे, खांद्याला नाही, नाहीतर खांद्यावर दोन शिंगं उमटतात. पँट उलटी करून कमरेकडून, खिसे बाहेर काढून. दोन टॉवेल शेजारी असले की त्यांच्या कडा एकावर एक आणून मधे एकच चिमटा. सगळे रंगीत कपडे उलटे, म्हणजे ऊन रंग खाईल तो आतल्या बाजूचा. महिनाभर ती खुर्चीवर बसून सांगत होती. पुढे खांदा सुटला, पण तोवर हे काम माझं झालं होतं आणि मी ते परत दिलं नाही.

स्टीलचे चिमटे घेतले त्यामागे एक साडी आहे. हिच्या आईची महेश्वरी, फिकट मोतिया रंगाची, रेशीम आणि सूत मिळून विणलेली. महेश्वर इथून जेमतेम नव्वद किलोमीटर, तेव्हा आमच्या इंदूरकडच्या मराठी घरांत एकतरी महेश्वरी असतेच. श्रावणात धुऊन मी ती सावलीत वाळत घातली आणि पदराच्या थोड्या वरच्या बाजूला एक चिमटा लावला. पाऊस आला, साडी आत घेतली, पुन्हा बाहेर घातली, या धावपळीत तोच चिमटा तिथेच राहिला. संध्याकाळी काढली तर तुरीच्या दाण्याएवढा तांबूस डाग. स्प्रिंगचा गंज. वरून प्लास्टिक नवं कोरं दिसत होतं आणि आतली साध्या लोखंडी तारेची स्प्रिंग, तिच्यावरचा जस्ताचा पातळ मुलामा केव्हाच झिजलेला. आयुष्यभर मुलामा तपासलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं याचं मला फार वाईट वाटलं. ही काही बोलली नाही.

गंजाचा डाग सुती पांढऱ्या कपड्यावर असेल तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावं, मग स्वच्छ पाण्यातून काढावं, दोन-तीन खेपांत बराच जातो. ब्लीच मात्र चुकूनही घालू नका, त्याने तो डाग आणखी पक्का होतो. रेशमाला आम्ही यातलं काहीच केलं नाही. डाग राहिला.

त्यानंतर मी सियागंजात आणि बर्तन बाजारात दोन-चार फेऱ्या मारल्या. स्टील म्हणून जे मिळतं ते सगळं सारखं नसतं. स्वयंपाकघरातली चांगली भांडी ज्याची होतात ते ३०४ नंबरचं स्टील, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्तातलं २०१ किंवा २०२, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते ओलाव्यात लवकर डागाळतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "देखो भिया, चिपकता नहीं." त्यावर जाऊ नका. न चिकटणारं २०१ सुद्धा असतं, आणि चांगल्या ३०४ ची तार ओढून-वळवून चिमटा केला की तीही चुंबकाला थोडी ओढ दाखवते. माझी कसोटी सोपी आहे. एकच चिमटा आधी विकत घ्या. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून चार दिवस ठेवा, फडकं वाळलं की पुन्हा ओलं करा. पाचव्या दिवशी फडक्यावर तांबूस रेघ दिसली नाही तर बाकीचे आणा.

आकार बघा, तोही महत्त्वाचा. तार निदान दोन मिलिमीटर जाड हवी. दाबल्यावर दोन्ही ओठ एकमेकांवर बरोबर बसायला हवेत, कात्रीसारखे बाजूला सरकता कामा नयेत. तारेची कापलेली टोकं अंगठ्याने चाचपा, धारदार असतील तर साडीचे धागे ओढले जातील. आणि दुकानातल्या दुकानात दहा वेळा पूर्ण दाबून बघा, दहाव्यांदाही पहिल्याइतकंच घट्ट तोंड मिटलं पाहिजे. लाकडी चिमटे मला मनापासून आवडतात, कपड्याला सगळ्यात मऊ तेच. पण आपल्या चातुर्मासात लाकूड काळं पडतं, आणि स्प्रिंग पुन्हा तीच लोखंडाची.

आता वाटतं, आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न नव्हताच. रामबागेत आजीच्या घरी माजघराच्या छताला बांबूची वलणी टांगलेली असायची आणि सोवळं काठीने वर चढवायचं, कुणाचा हात लागू नये म्हणून. परीट दोन दोऱ्यांना एकमेकींत पीळ देऊन बांधत आणि कपड्याचं टोक त्या पिळात खुपसत. कपड्याच्या वजनानेच पीळ आवळला जाई. चिमटा नको, गंज नको, काही नको. स्प्रिंगचा चिमटा अमेरिकेतला. व्हरमाँटमधल्या डेव्हिड स्मिथने १८५३ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८८७ मध्ये सोलन मूरने एकाच तारेची वेटोळी स्प्रिंग त्यात बसवली. आपण आज हातात धरतो तो हाच. नायलॉनची गुळगुळीत दोरी घरोघरी आली आणि चिमट्यावाचून अडायला लागलं. मी गच्चीवर एक दोरी मुद्दाम परटाच्या पद्धतीची बांधली आहे, रुमाल, मोजे, नातवाची झबली तिच्यावर. एकही चिमटा लागत नाही.

दोरीवरून आठवलं. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणू नका. चार मीटर दोरीवर दहा किलो ओले कपडे सारखे पसरले आणि मधे झोळ फक्त दहा सेंटीमीटर पडू दिला, तर दोन्ही टोकांच्या हुकांवर जवळपास पन्नास किलोची ओढ बसते. झोळ वीस सेंटीमीटर होऊ द्या, ओढ निम्म्यावर येते. आमच्या शेजारच्या घराचा हुक प्लास्टरसकट बाहेर आला तो यामुळेच, दोरी हलक्या प्रतीची होती म्हणून नव्हे.

ड्रायर का घेत नाही, हेही विचारतात. मशीनमधून पिळून निघालेले आमचे एका वेळचे कपडे मी एकदा काट्यावर टांगून मोजले, ओले आणि मग वाळलेले. दोन लिटरहून थोडं जास्त पाणी उडालं होतं. तेवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे दीड युनिट उष्णता लागतेच लागते, ती विजेने द्या नाहीतर उन्हाने. मे महिन्यात आमच्या गच्चीवर सुती शर्ट पाऊण तासात खडखडीत वाळतो. त्याला यंत्र कशाला?

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. तेव्हाचा तो कुबट वास साबण कमी पडल्याने येत नाही. जपानी संशोधकांनी २०१२ साली तो वास करणारा जिवाणू ओळखला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस त्याचं नाव. कपडा जितका वेळ ओला, तितका तो वाढतो, आणि वाळलेल्या कपड्यातही तग धरून राहतो. म्हणूनच घडी केलेला टॉवेल ठीक वाटतो आणि अंग पुसलं की पुन्हा वास येतो. आम्ही जुलै-ऑगस्टात कपडे दोनदा पिळतो, खोलीत दोन कपड्यांमधे चार बोटं अंतर ठेवतो, खिडकी उघडी आणि टेबलफॅन जमिनीवर, वारा कपड्यांच्या मधून वाहील असा. बंद खोलीत छताचा पंखा लावून काही होत नाही, तोच दमट वारा फिरत राहतो. वास बसलाच असेल तर टॉवेल एकदा कडक गरम पाण्यात भिजवा.

रंगपंचमीला मात्र काही वाळत घालू नका. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, गेर म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक निघाली की गुलाल चौथ्या मजल्यापर्यंत उडतो. पण बाहेरगावाहून इथे राहायला आलेले विसरतात.

आणि तुटलेले चिमटे कचरागाडीत टाकताना स्प्रिंग काढून वेगळी करा. इथे गाडीवर कचऱ्याचे कप्पे वेगवेगळे आहेत, प्लास्टिकचा आणि लोखंडाचा गुंता कुणाला तरी हाताने सोडवावा लागतो.

ती महेश्वरी ही अजून नेसते, गौरीच्या दिवशी. निऱ्या अशा घालते की डाग तिसऱ्या निरीच्या आत जातो. दुसऱ्या दिवशी मी ती थंड पाण्यातून काढतो, जिन्याच्या खोलीमागच्या सावलीतल्या दोरीवर आधी धुतलेला पंचा घालतो, त्यावर साडी उभी चौघडी करून टाकतो. तिला मी चिमटा लावत नाही. वाळेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसतो.