४४४ अक्षरांमधलं विसावं

एमएस्सीच्या मुलांना बायोइन्फर्मेटिक्स शिकवताना मी पहिल्या दिवशी व्याख्या सांगत नाही. लॅबमधला कूलर सुरू करते आणि जेनबँक उघडायला लावते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचलेला डीएनए तिथे १९८२ पासून साठत आलाय आणि तो कुणीही फुकट पाहू शकतं.

मुलं एचबीबी हे जनुक शोधतात. हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बनवायची ते त्यात ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि कामाचा मजकूर अवघ्या ४४४ अक्षरांचा. मग मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातला त्याच जनुकाचा मजकूर देते. दोन्ही ब्लास्ट या मजकूर जुळवून पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकले की ओळी एकाखाली एक येतात. अक्षर जुळलं की मध्ये उभी रेघ. एकोणीस रेघा सलग. विसाव्या जागी रेघ नाही. वर ए, खाली टी. तेवढ्यानं ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

माझा मावसभाऊ रात्र रात्र गुडघे धरून रडायचा. घरचे वात समजून तेल चोळत. "तुझ्याच पोटाचा दोष," हे मावशीनं किती वर्षं ऐकलं! रक्त तपासल्यावर कळलं, सिकलसेल. मावशी आणि काका दोघंही एएस, म्हणजे जनुकाची एक प्रत नेहमीची, एक सिकलची. मुलाला दोघांकडूनही सिकलचीच प्रत आली, म्हणून तो एसएस. मला ती रिकामी जागा दरवर्षी तितकीच टोचते.

यंदा गडचिरोलीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आफ्रिकेतल्या लोकांत पण हेच अक्षर बदललं का?" तिच्या घरी सिकलसेल आहे. अक्षर तेच, पण त्याच्या आजूबाजूचा डीएनए ताडून पाहिला की वेगवेगळी घराणी दिसतात. आपल्याकडचं घराणं अरब-भारतीय. त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त टिकतं, म्हणून कित्येकांचा त्रास थोडा सौम्य असतो. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं मंजूर केलेली क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीची उपचारपद्धती हेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. कात्रीला वाट दाखवणारा तुकडा वीस अक्षरांचा. तो चुकून दुसरीकडे बसेल का, हे माणसाच्या ३०० कोटी अक्षरांत आधी कॉम्प्युटरवरच शोधावं लागतं.

तास संपला तरी ती उठली नाही. प्रिंट काढून तिनं विसाव्या जागेला लाल पेनानं गोल केला.

"आईला दाखवते," म्हणाली. "आजीलाही."