बेट बदललं आणि पोलिस व्हेटिंग पुन्हा पहिल्यापासून: वेलिंग्टन ते क्राइस्टचर्च

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जायचं तर कागदपत्रांचं काही काम नसतं, असं सगळे सांगतात. बरंचसं खरंही आहे. कर खात्याचा आयआरडी नंबर तोच, बँक तीच, गाडीची नंबरप्लेट तीच. फेरीबोटीचं बुकिंग, सामानाचा ट्रक, वीज, इंटरनेट ही कामं सुरळीत होतात, त्यावर मी फार शाई घालवणार नाही. माझं डोकं फिरलं ते स्वयंसेवेच्या कागदांवर. वेलिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं स्वयंसेवक म्हणून काम केलेल्या माणसाला क्राइस्टचर्चमध्ये तेच काम करायचं, तर पोलिस व्हेटिंग (पोलिसांकडून होणारी पार्श्वभूमीची तपासणी) पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

जिथे मुलांशी, वृद्धांशी, नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबांशी संबंध येतो किंवा कुणाच्या घरी जावं लागतं, तिथे बहुतेक संस्था व्हेटिंगशिवाय हात लावू देत नाहीत. गंमत म्हणजे 2014 च्या मुलांविषयीच्या कायद्यातली सक्ती मुख्यतः पगारी कर्मचाऱ्यांसाठी आहे. साध्या स्वयंसेवकांना ती लागू नाही, तरी संस्था आपल्या नियमाने व्हेटिंग मागतात. ते योग्यच आहे. प्रश्न फक्त वेळेचा आणि नावाचा.

आधी पद्धत समजून घ्या. व्हेटिंगसाठी आपण स्वतः अर्ज करू शकत नाही. पोलिसांकडे नोंद झालेली संस्थाच तो करते, आपण फॉर्म भरून संमतीची सही देतो. उत्तर त्या संस्थेला, त्या कामापुरतं आणि त्या तारखेपुरतं मिळतं. म्हणून वेलिंग्टनच्या संस्थेने केलेलं व्हेटिंग क्राइस्टचर्चच्या दुसऱ्या संस्थेला दाखवून उपयोग नाही. जुन्या संस्थेकडून शिफारसपत्र जरूर घ्या, पण ते संदर्भ म्हणून चालतं, व्हेटिंगऐवजी नाही. न्याय मंत्रालयाकडून स्वतःची गुन्ह्यांची नोंद फुकट मागवता येते आणि अनेकजण तीच घेऊन जातात. तीही चालत नाही. तिच्यात न्यायालयात सिद्ध झालेले गुन्हे येतात, व्हेटिंगमध्ये पोलिसांकडची इतर माहितीही येऊ शकते.

पोलिसांकडून उत्तर यायला 20 कामाचे दिवस धरायचे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या त्यात मोजत नाहीत, म्हणजे झाले चार आठवडे, आणि तेही फॉर्म बिनचूक असेल तर. डिसेंबरच्या मध्यानंतर फॉर्म दिलात तर नाताळ, नवं वर्ष आणि 6 फेब्रुवारीचा वायटांगी दिवस धरून हिशेब करा. त्यातून जानेवारीत संस्थांची ऑफिसं अर्धवटच उघडी असतात, फॉर्म पुढे पाठवणारं माणूसच सुट्टीवर असतं. आपला अर्ज कुठवर आलाय हे आपल्याला दिसत नाही, संस्थेलाच दिसतं. तेव्हा पोलिसांना फोन करण्यात अर्थ नाही. संस्थेत फॉर्म कोण पाठवतं ते नाव विचारून ठेवा आणि चौकशी त्याच माणसाकडे करा.

आता नावाचं त्रांगडं. फॉर्ममध्ये आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव आणि आजवर वापरलेली बाकी सगळी नावं मागतात. इंग्रजी नावांच्या माणसाला हे दोन मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि कागदोकागदी वेगळं. पासपोर्टवर ‘दिलेली नावं’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. लायसन्सवर कधी तसंच, कधी मधलं नाव गायब. बँकेच्या कागदावर नुसतं आद्याक्षर. क्राइस्टचर्चमधल्या ज्या संस्थेत मला जायचं होतं, तिथे तीन कागदांवर तीन नावं दिसली म्हणून फॉर्म परत आला. का परत आला ते कुणी लिहिलं नव्हतं, ‘माहिती अपुरी’ एवढंच. कारण विचारायला फोन केला तर उत्तर देणारं माणूस आठवड्यातून दोनच दिवस येणारं. आणि फॉर्म दुरुस्त करून पुन्हा गेला की 20 दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

म्हणून फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवायचा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवायचं. वडिलांचं नाव पासपोर्टात ‘दिलेल्या नावांत’ असेल तर फॉर्मच्या मधल्या नावात तेच लिहायचं, भले रोज कुणी त्या नावाने हाक मारत नसो. लग्नाआधीचं पूर्ण नाव, म्हणजे आडनावासकट आणि वडिलांच्या नावासकट, ‘आधीची नावं’ यात द्यायचं. लग्नात सासरी पहिलं नाव बदललं असेल आणि ते एका कागदावर जरी आलं असेल, तर तेही. सोबत नाव बदलल्याचा पुरावा: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा ते सामान बांधायच्या आधी करून घ्या. जन्मस्थानात गाव आणि देश मागतात, तिथेही पासपोर्टात आहे तेच. तालुका-जिल्हा आपल्या मनाने घालू नका.

ओळख पटवायला दोन कागद लागतात, एक मुख्य आणि एक दुय्यम, आणि निदान एकावर फोटो हवा. पासपोर्ट आणि इथलं ड्रायव्हिंग लायसन्स ही सरळ जोडी. मूळ कागद संस्थेच्या माणसाने पाहायचे असतात, आणि घोडं अडतं ते इथेच. आपण अजून वेलिंग्टनमध्ये, संस्था कुक सामुद्रधुनीच्या पलीकडे. रिअलमी या सरकारी ऑनलाइन सेवेची पडताळलेली ओळख असेल तर ती स्वीकारता का, हे आधी विचारा. सगळ्या संस्था घेत नाहीत. संस्थेची वेलिंग्टनला शाखा असेल तर तिथे मूळ कागद दाखवायची परवानगी मागा, आणि ती ईमेलवर लेखी घ्या. तोंडी ‘हो चालेल’ नंतर कुणालाच आठवत नाही.

लायसन्सवर सहसा पत्ता छापलेला नसतो, त्यामुळे पत्त्याचा पुरावा म्हणून ते उपयोगी पडत नाही. नव्या घराचं पहिलं वीजबिल किंवा बँकेचं पत्र येईपर्यंत थांबावं लागतं. बँकेत पत्ता ऑनलाइन बदला आणि स्टेटमेंट लगेच उतरवून घ्या, बिलाची वाट बघू नका.

मराठी शाळेत शिकवायचं ठरवलं असेल तर आणखी एक मेख. छोटं मंडळ पोलिसांकडे नोंदलेलं नसेल तर ते व्हेटिंग करूच शकत नाही, आणि वर्गासाठी खोली देणारं केंद्र ते मागू शकतं. मंडळाच्या सचिवांना हे आधी विचारा.

वाट बघण्याच्या काळात बिनव्हेटिंगची कामं धरा. झाडं लावण्याचे दिवस मे ते सप्टेंबर जोरात असतात. किनारा सफाई, पक्ष्यांना मारणाऱ्या उंदीर-स्टोटचे (स्टोट म्हणजे मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) सापळे तपासणं, जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात वर्गवारी करणं यात सहसा नाव-फोन एवढंच लागतं. त्यातून ओळखी होतात आणि संदर्भ द्यायला स्थानिक माणूस मिळतो.

वेलिंग्टनमध्ये असे सापळे सांभाळत असाल तर ती रांग कुणाकडे सोपवायची ते निघण्याच्या निदान महिनाभर आधी ठरवा. सापळे गटाचे असतात, आपले नाहीत. ॲपमधली नोंद नव्या माणसाच्या नावावर करायला समन्वयकाला सांगा, आणि एक फेरी त्याच्यासोबत चाला. सापळ्याचा कुठला खोका झाडाच्या मागे दडलाय ते नकाशावर कळत नाही. ओढ्यात वापरलेले बूट चिखल काढून धुवा आणि हाताला कोरडे लागल्यावर आणखी 48 तास वाळवा. दक्षिणेच्या नद्यांत 2004 पासून डिडिमो शैवाल आहे, उत्तरेत नाही. उत्तर बेटावरच्या वायकाटो नदीत 2023 पासून सोनेरी शिंपला हा उपद्रवी परदेशी जीव आहे. म्हणजे दोन्ही दिशांनी सांभाळायचं.

व्हिसाचं खरं तर वर लिहायला हवं होतं. मालकाशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर कामाचं ठिकाण लिहिलेलं असू शकतं. बेट बदलायच्या आधी ते पत्र वाचा. आणि राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात केलेली ‘स्वयंसेवा’ इमिग्रेशनच्या दृष्टीने काम धरली जाते. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना शेतावर पाठवताना हे ध्यानात ठेवा.

बाकी भरभर. खुल्या मुदतीच्या भाडेकराराला 30 जानेवारी 2025 पासून भाडेकरूने 21 दिवसांची नोटीस पुरते. बाँड (भाड्याची अनामत) परत घ्यायच्या फॉर्मवर दोन्ही बाजूंची संमती लागते, ती चाव्या देतानाच घ्या, नंतर एजंट फोन उचलत नाहीत. फेरीबोटीचं भाडं गाडीच्या लांबीवर असतं, मागचा सायकल रॅकही त्यात मोजतात. गॅसचा सिलिंडर असेल तर आधी सांगावं लागतं. प्रवास 92 किलोमीटरचा, साडेतीन तासांचा, पण लाटा उसळल्या की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा ट्रक आणि घराच्या चाव्या एकाच दिवशी ठरवू नका. पिक्टनहून पुढे कायकौरामार्गे सुमारे 340 किलोमीटर. दरड पडली की हा रस्ता बंद होतो, निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पहिल्याच आठवड्यात लागा, कारण अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. तीन महिन्यांची औषधं वेलिंग्टनमधूनच लिहून घ्या. कढीपत्त्याची कुंडी वेलिंग्टनच्या वाऱ्यात कशीबशी तगते, क्राइस्टचर्चच्या हिवाळ्यात रात्री बाहेर राहिली तर गेलीच. ती घरात, खिडकीजवळ ठेवा.