रेवदंडा खाडी कयाक अपडेट : भरती-ओहोटी, बार्ज आणि आमचे नियम

मंडळी, सीझन संपत आला, आता कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी) धुऊन पडवीत टांगायची वेळ, त्याआधी कुंडलिका नदीच्या, म्हणजे रेवदंड्याच्या खाडीत यंदा काय काय जमलं ते लिहून टाकतो. मागच्या अपडेटनंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला, कयाकला लायसन लागतं का आणि नियम काय आहेत.

कागदावरचं आधी उरकतो. इंजिनवाल्या बोटीचं रजिस्ट्रेशन, सर्वे, चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट हे सगळं लागतं. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला, त्यात हे नीट आहे. बिनइंजिनाच्या होड्यांचा विषय मात्र बराचसा राज्यावर आणि तिथून स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोडलाय. किनाऱ्यावर पैसे घेऊन राइड द्यायच्या असतील तर मेरीटाईम बोर्डाची परवानगी हवीच. पण आपल्यासारखा माणूस स्वतःची प्लास्टिकची कयाक गाडीच्या टपावर बांधून आणतो, त्याला काय करायचं ते सांगणारं तिथं फारसं कोणी भेटत नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या, जेट्टीवर उतरण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारायचं, आणि कोण कुठे जातंय आणि कधी परत येणार हे किनाऱ्यावरच्या एकाला सांगून जायचं. एवढ्याने अर्धं काम होतं, कारण अनोळखी माणूस पहाटे खाडीत उतरलेला दिसला की या किनाऱ्यावर चौकशी होतेच आणि ती व्हायलाच पाहिजे.

आता खरी प्रगती, ती भरतीच्या गणितात आहे. पहिल्यांदा आम्ही फक्त ॲप बघायचो. मग एका नाखवांनी सांगितलं तिथीची पाऊणपट कर. म्हणजे तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या तासाला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठ. पहाटे-सकाळी एकदा आणि साधारण साडेबारा तासांनी परत एकदा. ॲपशी ताडून बघितलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण दिवस निवडायला हे भारी आहे, भिंतीवरचं कॅलेंडर बघून महिनाभराचं प्लॅनिंग होतं.

यातून आमचा दिवस सापडला, एकादशी किंवा द्वादशी. साडेसहाला उतरायचं, उरलेली भरती पाठीवर घेऊन रेवदंडा-साळाव पुलाखालून रोह्याच्या बाजूला आत जायचं, साडेआठ-नऊला पाणी थांबलं की कुठेतरी काठाला टेकून डबा खायचा (उपासवाले साबुदाणा खिचडी आणतात, बाकीचे त्यांचीच खातात), आणि ओहोटी धरून अकराच्या आत परत. शिवाय उधाण (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी) अमावास्या-पौर्णिमेला, भांग (सगळ्यात लहान) अष्टमी-नवमीच्या आसपास, त्यामुळे या तिथीला ओढ अजून बेताची असते. रविवारी एकादशी कधीतरीच येते हे दुःख वेगळं.

अकराची घाई का, तर वारा. ऊन चढलं की समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि खाडीचं तोंड पश्चिमेलाच आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि वारा समोरून आत येतोय, दोन्ही भिडले की कोर्लईच्या किल्ल्याच्या बाजूला लाटा आखूड आणि उभ्या होतात, एकीवरून नाक खाली येतंय तोवर दुसरी डेकवर. लांबून बघितलं तर काहीच वाटत नाही, नुसती पांढरी टोकं दिसतात. नाखवांचं वाक्य आमच्या ग्रुपचा नियम झालंय, "पानी उतरतंय तवर तोंडाला जाऊ नको, वारा आला की परत येनं तुझ्या हातात नाय." ओहोटीचा जोरही सारखा नसतो, सहा तासांत पहिल्या तासाला एकूण पाण्याचा बारावा भाग उतरतो, दुसऱ्याला दोन, मग तिसऱ्या-चौथ्या तासाला तीन तीन, आणि परत कमी. मधले दोन तास पॅडल मारून प्रवाहाविरुद्ध जायचा विचारच करू नका.

मे महिन्यात तर वळवाचा वारा हा वेगळाच प्रकार. २१ मे २०२४ ला उजनीत कळाशी-कुगाव दरम्यान बोट उलटून सहा माणसं गेली, ती वादळी वाऱ्यातच. तिथं भरती नाही ओहोटी नाही, नुसतं धरणाचं पाणी. म्हणून पूर्वेला ढग काळे झाले की आम्ही चर्चा न करता काठ गाठतो.

बार्जबद्दल. साळावच्या जेट्टीला बार्ज येतात-जातात, त्यांना खोल पाण्याचा पट्टा सोडून वळता येत नाही. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच आहे, अरुंद चॅनलमध्ये लहान बोटीने मोठीच्या वाटेत यायचं नाही. चॅनल ओलांडायचाच तर काटकोनात, सगळ्यांनी एकत्र, फोटो नंतर. भोंग्याची भाषा पाठ करा, एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, आणि पाच किंवा जास्त म्हणजे तू नक्की काय करतोयस मला कळत नाहीये. पाच ऐकू आले की समजा ते तुमच्यासाठीच आहेत. आणि काळोखात पांढऱ्या उजेडाचा टॉर्च हाताशी पाहिजे, वल्ह्याच्या होडीलाही हा नियम आहे.

डोल जाळ्यांचं कुठल्या नियमात सापडणार नाही. खाडीच्या मुखाजवळ खुंटांना बांधलेली ही पिशवीसारखी जाळी प्रवाहाकडे तोंड करून असते, पाणीच मासळी आत ढकलतं, आणि पाणी मासळी आणि कयाक असा भेद करत नाही. खुंट दिसले की वरच्या अंगाने कधीच आडवं जायचं नाही, लांबून वळसा.

जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट नीलकमल फेरीवर आदळली, त्यानंतर गेटवेला सगळ्यांना जॅकेट घालायला लावतात. आपल्याकडे अजून "मला पोहता येतं" हेच चालू असतं. कयाकसाठी ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगत ठेवायच्या ताकदीचं माप) चालतं, खांदे मोकळे राहतात, पण शुद्ध हरपली तर ते तोंड वर करत नाही, त्यासाठी १०० च्या वरचं लागतं, म्हणून एकट्याने जायचंच नाही. घेताना दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा, जॅकेट कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा, तरी येतंय तर साईज बदला. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली, बॅगेत नाही. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, त्यात ११२, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह.

उलटल्यावर परत चढणं आता सगळ्यांना उथळ पाण्यात जमतंय. हात पलीकडच्या कडेला, पाय मागे पाण्यावर आडवे करून जोरात मारायचे, पोट डेकवर आलं की थांबून एक श्वास, मग गिरकी घेऊन सीटवर. घाईने गुडघा आधी टाकला की कयाक परत अंगावर. प्रवाहात मात्र अजून दोघांनाच जमतं, त्यामुळे ऑक्टोबरात पाणी शांत झालं की आधी तेच. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, पण ऑगस्ट-सप्टेंबरलाही नदीचं गढूळ पाणी आणि ओंडके येत असतात, आम्ही तेव्हा उतरत नाही.

पॅडलला दोरी बांधायची की नाही यावर ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे. वाऱ्यात पॅडल गेलं तर गेलं, पण डोलजवळ तीच दोरी खुंटात अडकली तर काय, म्हणून मी सध्या न बांधता जवळ जादा पॅडल ठेवतो. खाडीत चालवणाऱ्यांनी तुमचं काय ते सांगा.