मोठ्यांसाठीच्या जादूचा प्रेक्षक जमवताना

मी जादूगार आहे. लहान मुलांसमोर बरीच वर्षं प्रयोग केले, आजही आवडीनं करतो. पण मनात एक वेगळा प्रयोग घोळत होता: सोळा वर्षांपुढच्यांसाठी, मनकवडेपणा आणि पत्त्यांची हातचलाखी यांवर बेतलेला, शांतपणे रंगत जाणारा. तो बसवला. पण बसवण्यापेक्षा जास्त डोकं लागलं ते त्याच्यासाठी प्रेक्षक जमवायला. चौकशीचा जवळजवळ प्रत्येक फोन एकाच प्रश्नानं सुरू व्हायचा, "मुलांना आणलं तर चालेल ना?" नाही म्हटलं की पलीकडचा माणूस गोंधळायचा. मुलं नाहीत तर आपण कशाला जायचं, असं त्याला मनापासून वाटायचं.

याचं मला वाईट वाटतं, कारण ही कला मुलांपुरती कधीच नव्हती. १८४५ साली फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांनी पॅरिसमध्ये आपलं छोटं नाट्यगृह सुरू केलं, तेव्हा ते प्रेक्षकांसारख्याच संध्याकाळच्या पोशाखात रंगमंचावर उभे राहिले. व्हिएन्नाचे जादूगार होफझिन्सर तर दिवाणखान्यात निवडक पाहुण्यांसमोर पत्ते हाताळायचे. समोर बसलेली माणसं शहाणीसुरती, जग पाहिलेली होती आणि खेळ त्यांच्या बुद्धीशी होता. माझ्या जाहिरातीतून हेच पोचायला हवं होतं.

पोस्टरपासून सुरुवात केली. टोपी, ससा, छडी, चांदण्या, लाल-पिवळे रंग यांतलं काही घ्यायचं नाही असं चित्रकाराला आधीच सांगितलं. शेवटी उरलं ते असं: काळसर टेबल, त्यावर बंद पाकीट आणि पाकिटावर दाबून ठेवलेला कुणाचा तरी हात. हात माझा नाही, प्रेक्षकाचा. खाली एकच ओळ, "आत काय लिहिलंय ते फक्त तुम्हालाच माहीत आहे. नक्की?" विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अलेक्झांडर नावाचा मनकवडा गाजला होता. त्याच्या पोस्टरवर फेटा बांधलेला रोखून बघणारा चेहरा आणि 'सगळं जाणणारा माणूस' अशा अर्थाची मोजकी अक्षरं असत. त्याचा आटोपशीरपणा मी घेतला, त्याचा दावा मात्र नाही. माझ्याकडे कसलीही सिद्धी नाही आणि हे मी प्रत्येक जाहिरातीत स्पष्ट लिहितो. त्यानं कुतूहल कमी होईल असं काहींनी बजावलं होतं, पण उलटच घडलं. सिद्धी नाही म्हटल्यावर मग हा करतो तरी कसं, हा प्रश्न जास्तच टोचायला लागतो.

वयाची अट पोस्टरवर ठळक टाकली. ती स्वतःच एक जाहिरात असते, विशेषतः सतरा-अठराच्या मुलामुलींसाठी. आपल्याला मोठ्यांत धरलंय हे त्यांना लगेच कळतं. पण अट वाचून काही घरांतून विचारणा झाली की प्रयोगात काही अश्लील आहे का. म्हणून खाली ओळ जोडली: "आईवडिलांच्या शेजारी बसून निःसंकोच बघता येईल. वयाची अट एवढ्यासाठीच, की लक्ष देऊन ऐकावं लागतं."

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली आणि ती मला न आलेल्या लोकांकडून कळली. येणार म्हणून न आलेल्या ओळखीच्या मंडळींना कारण विचारलं, तर बहुतेकांनी आढेवेढे घेत एकच सांगितलं: वर बोलावून हसं करतील अशी भीती वाटते. मुलांच्या प्रयोगात प्रत्येक हात "मी, मी" म्हणत वर जातो. मोठी माणसं मात्र पहिल्या रांगेत बसायलाही कचरतात. अठरा वर्षांच्या मुलाला तर मित्रांसमोर फजिती होण्याइतकं भयंकर दुसरं काही नसतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक जाहिरातीत, तिकिटावरसुद्धा, एक वचन छापलेलं असतं: "कुणालाही इच्छेविरुद्ध रंगमंचावर बोलावलं जाणार नाही, आणि जो येईल त्याची टिंगल होणार नाही." माझ्या मते या एका ओळीनं जेवढी तिकिटं खपली तेवढी कुठल्याही चित्रानं खपली नसतील. अर्थात वचन पाळावं लागतं. त्यासाठी मी प्रयोगातले काही हमखास हशे काढून टाकले.

मग क्लिप. मोबाइलवर हातचलाखी दाखवली की बघणारा ती थांबवून, मागे नेऊन तपासत बसतो. कॅमेऱ्याचीच करामत असेल असंही म्हणतो. म्हणून ठरवलं की कॅमेरा माझ्यावर ठेवायचाच नाही. एका प्रयोगात मध्यम वयाच्या एक बाई हातात चिठ्ठी घट्ट धरून उभ्या होत्या. चिठ्ठीत त्यांच्या लहानपणच्या मैत्रिणीचं नाव होतं. मी पाटीवर काहीतरी लिहून पाटी त्यांच्याकडे वळवली. क्लिपमध्ये फक्त त्यांचा चेहरा आहे. आधी त्या नुसत्या हसतात. मग हसू तसंच राहतं, पण डोळे पुन्हा चिठ्ठीकडे जातात, तिथून पाटीकडे आणि मग शेजारच्या माणसाकडे, "तू सांगितलंस का?" असं विचारल्यासारखे. तो मान हलवतो आणि क्लिप तिथेच संपते. पाटी बघणाऱ्याला दिसतच नाही. सलग चित्रण, कुठे काटछाट नाही, आणि त्या बाईंची लेखी परवानगी घेऊनच ती बाहेर गेली.

खेळ अर्ध्यावर तोडण्याची ताकद जादूगार पी. सी. सरकारांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी करवतीनं मुलगी कापली, ती शुद्धीवर येताना दिसायच्या आतच प्रक्षेपण संपलं, आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनचा बीबीसीकडे पाऊस पडला. मला कुणाला घाबरवायचं नव्हतं, फक्त शेवट बघायला माणूस नाट्यगृहापर्यंत यावा एवढंच हवं होतं.

कॉलेजांसाठी वेगळी वाट धरली. तिथल्या पोरांना कौतुक करायला नाही, पकडायला आवडतं. बेड्यांतून सुटून दाखवणाऱ्या हुडिनीनं हे अचूक ओळखलं होतं. लोकांनी आपापल्या बेड्या आणाव्यात असं तो आव्हान द्यायचा. १९०४ साली लंडनमध्ये एका वृत्तपत्रानं पुढे केलेली खास बनावटीची बेडी सोडवायला त्याला तासाहून जास्त वेळ लागला आणि प्रेक्षक तेवढा वेळ जागचे हलले नाहीत. मी परवानगी काढून मधल्या सुट्टीत कॉमन रूममध्ये जायचो. पत्ते त्यांचे, पिसायचे त्यांनीच. एकच जादू दाखवायची आणि निघायचं. "अजून एक" म्हणून कितीही आग्रह झाला तरी थांबायचं नाही. पत्रकावर "पकडायला या" एवढंच आणि प्रयोगाची वेळ. ही मुलं एकेकटी येत नाहीत, टोळीनं येतात, म्हणून त्यांच्यासाठी एकत्र तिकिटाची सोय ठेवली.

बाकीचं थोडक्यात सांगतो. नाट्यगृह लहान घ्या, कारण अर्धं रिकामं मोठं सभागृह मोठ्या माणसांना लगेच संकोचायला लावतं. वेळ रात्रीची ठेवा. प्रयोगावर लिहिणाऱ्यांना बोलवाल तर त्यातल्या शेवटच्या जादूविषयी मौन राखायची विनंती आधीच करा. बहुतेक जण ती आनंदानं मानतात.

आता माझे बरेच प्रेक्षक दुसऱ्यांदा येतात आणि सोबत नवीन माणूस आणतात. मोक्याच्या क्षणी ते माझ्याकडे बघतच नाहीत, त्या नव्या माणसाकडे बघत असतात. हे लक्षात आल्यापासून पुढच्या प्रयोगाची विक्री प्रयोग सुटल्यावर तिथेच दारात सुरू करतो, आणि जोडीचं तिकीट सगळ्यात आधी पुढे करतो.