गोऱ्हे कुठे जातात?

गुरुवार, रात्री साडेदहा. जूनमध्ये नेदरलँड्सला एवढ्या उशिरापर्यंतही पुरता अंधार पडत नाही. आई झोपली. आज लिहिलं नाही तर नुसते फोटो उरतील, म्हणून बसलेय.

काल मुक्काम गाउडा गावाबाहेरच्या एका गोठ्यावरच होता. नवराबायको, मुलगा, सून आणि साठेक गायी. इथे शेतांना कुंपण दिसत नाही, शेताशेतांमध्ये पाण्याचे चर आहेत. जमीन समुद्रसपाटीच्या खाली, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, आणि सदा ओली. नांगरटीला ती कामाची नाही, म्हणून गवत. गवत आहे म्हणून गायी. आणि दूध नासू नये म्हणून चीज. जुन्या काळी धारा पुरुषही काढायचे, पण चीज मात्र घरच्या बाईच्या हातचं. या घरात ते अजून तसंच आहे. मालक ट्रॅक्टरवर, मुलगा गोठ्यात, आणि चीजच्या खोलीत मालकीणबाई सोडून कुणाचं काही चालत नाही.

सकाळी सहाला त्यांनी आम्हाला हाक मारली. पांढरे डगले, डोक्याला टोप्या, पायात त्यांचेच गमबूट. कालची संध्याकाळची धार थंड करून ठेवलेली होती, तिच्यात आजची ऊन ऊन धार गोठ्यातून नळीने थेट येऊन पडत होती. दूध उकळणं नाही, पाश्चरायझेशन नाही. 'बूरेनकास', म्हणजे शेतावरचं चीज, या नावाने विकायचं तर दूध कच्चंच लागतं. युरोपीय संघाने 2007 मध्ये या नावाला संरक्षण दिलंय. दूध साधारण तीस अंशांवर आलं, विरजण पडलं, मग एका बाटलीतून दूध घट्ट करणारं रेनेट मोजून ओतलं आणि ढवळणी बंद केली. त्यानंतर अर्धा तास काहीही करायचं नाही. तेवढ्यात त्यांनी कॉफी पाजली.

परत आलो तर टाकीतलं दूध थरथरत होतं. बाईंनी तिरकं बोट आत घालून हळूच वर उचललं. पृष्ठभाग सरळ चिरला आणि चिरेत हिरवट पाणी साठलं. एवढंच बघायचं असतं म्हणे. चीर फाटकी आली तर अजून थांबायचं. मग तारांच्या चौकटी फिरायला लागल्या आणि पाहता पाहता त्या घट्ट दुधाचे वाटाण्याएवढे दाणे झाले. नंतर जे केलं ते मला फार आवडलं: बरीचशी निवळी काढून टाकली आणि तिच्या जागी गरम पाणी ओतलं. दुधातली साखर अशी धुऊन निघते, जिवाणूंना आंबवायला थोडंच उरतं, आणि म्हणून गाउडा चीज आंबट न होता गोडसर राहतं. दहा लिटर दुधामागे जेमतेम किलोभर चीज. उरलेली निवळी मागच्या डुकरांना.

इतका वेळ आई गप्प होती. ती अंडंही खात नाही. "त्या बाटलीत काय होतं, विचार ना त्यांना."

विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. वासराच्या पोटातलं, म्हणाल्या. गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात, त्यातला चौथा. दूधपित्या वासराच्या त्या कप्प्यात कायमोसिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. आईचं दूध पोटात गेलं की ते त्याला घट्ट करतं, नाहीतर दूध पचायच्या आधीच पुढे निघून जाईल. म्हणजे प्रत्येक वासरू स्वतःच्या पोटात थोडंफार चीजच करत असतं. वासरू चरायला लागलं की हे विकर कमी होत जातं, म्हणून रेनेटसाठी दुधावरचंच वासरू लागतं.

आईने मान हलवली आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला. "आणि मग गोऱ्हे कुठे जातात?"

मी भाषांतर करायला जरा कचरले. आपण पाहुणे, त्यांचंच खातो-पितो आहोत. पण आईच्या नजरेपुढे टाळाटाळ चालत नाही.

बाई आम्हाला थेट मागे घेऊन गेल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या घुमट्यांची ओळ, प्रत्येकीत एक वासरू, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले. एकाने आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि चोखत राहिलं. गाय दूध देते ती व्यायली म्हणून. दर वर्षी व्यायला हवी, नाहीतर भाकड होते. निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. कालवडी राहतात, त्यांना नावं मिळतात. गोऱ्हे दोनेक आठवड्यांचे झाले की व्यापाऱ्याची गाडी येऊन घेऊन जाते, पुढे वासरांच्या मांसाच्या धंद्यात. "हा मंगळवारी जाईल," ओढणीवाल्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. सूर साधा होता, ओशाळा नाही आणि निबरही नाही. गोठा दाखवायच्या सहलींमध्ये हे कुणी सांगत नाही, आणि विचारत तर त्याहून नाही. मला स्वतःला हे सुचलं नसतं.

नंतर तळघरातल्या फळ्या पाहिल्या. खाऱ्या पाण्यातून निघालेली चीजची चाकं सुरुवातीला रोज उलटायची, नाहीतर तळ ओला राहून कुजतो. चार आठवड्यांचं चीज कोवळं, दहा-बारा महिन्यांचं जुनं. जितकं जुनं तितका पैसा फळीवर अडकून पडतो, असं सुनेचं म्हणणं. जुन्यातलं एक मी चाखलं. दाताखाली बारीक कण कुरकुरतात, ते मीठ नव्हे, टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. अप्रतिम होतं. आईने हात जोडून नको म्हटलं.

दुपारच्या आत गाउडाच्या चौकातला गुरुवारचा बाजारही झाला. लाकडी बूट, टाळ्या देऊन सौदे, सगळं आता पर्यटकांसाठी. 1668 मधलं वजनघर तेवढं देखणं.

संध्याकाळी खोलीवर आमचं जुंपलं. मी म्हटलं, रेनेटचा प्रश्न तर कधीच सुटलाय. 1990 मध्ये अमेरिकेत सूक्ष्मजीवांकडून बनवलेल्या कायमोसिनला परवानगी मिळाली, आता बरंचसं चीज त्यावरच होतं, वेष्टनावर बघून घ्यायचं. (पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज मात्र नाही, त्याला वासराचंच रेनेट सक्तीचं.) आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाटलीतलं बदललं. मंगळवारची गाडी?"

"ती तर नुसत्या दुधालाही आहेच, आई. तू चहात घेतेस त्यालाही."

"मला ठाऊक नाही होय? म्हणून तर विचारलं."

पुढे ती काहीच बोलली नाही. मी आणलेला जुन्या चीजचा तुकडा कागदात गुंडाळून तिनेच माझ्या बॅगेत घातला, चहा मागवला आणि दुधाची पुडी फोडून त्यात ओतली.