ऑर्क चालून येतो तेव्हा

पुण्यातल्या एका लहान गेम कंपनीत संगणक प्रतिस्पर्ध्याच्या चाली ठरवणारा कोड लिहिण्याचे काम मी करते. ज्या दिवसाबद्दल सांगायचे आहे, तेव्हा आमच्या हाती काल्पनिक राज्यांच्या लढाईचा एक खेळ होता : षटकोनी घरांचा नकाशा, आळीपाळीने चालणाऱ्या दोन सेना आणि अनुभव मिळेल तशी सैनिकांना मिळणारी बढती. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा) खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. आम्ही बरेच काही त्याच्याकडूनच शिकलो होतो. दिवसरात्रीचा नियमही तिथलाच होता : ऑर्कांचा, म्हणजे काल्पनिक कथांतल्या राक्षसी, लढाऊ वंशाचा, वार रात्री पंचवीस टक्क्यांनी वाढतो आणि भर दिवसा तेवढाच घटतो, तर मानवी राज्याच्या बहुतेक सैनिकांचे नेमके उलटे.

वेस्नॉथमधला संगणक हल्ला निवडतो तो हिशेब करून. शत्रूचे संभाव्य नुकसान जमेस धरायचे, आपले वजा करायचे आणि ज्या हल्ल्याची शिल्लक सर्वांत चांगली तो करायचा, असा तो ढोबळ हिशेब आहे. त्यात आपले नुकसान किती मनावर घ्यायचे हे 'आक्रमकता' नावाचा एक आकडा ठरवतो. हा आकडा मुळात ०.४ असतो, तो १ केला, तर आपली माणसे मेली काय आणि जगली काय, संगणकाला सारखेच. आमच्या प्रतिस्पर्ध्यातही असाच आकडा होता. तो दोन्ही सेनांसाठी एकच होता आणि १ च्या बराच जवळ ठेवलेला होता.

त्या दिवशी बाहेरून खेळाडू बोलावले होते ते नकाशांचा समतोल तपासण्यासाठी. काहींच्या समोर ऑर्क होते, काहींच्या समोर मानवी राज्य. प्रतिस्पर्ध्याविषयी आम्ही काही विचारणारही नव्हतो; अभिप्रायाच्या कागदावर शेवटी 'आणखी काही' एवढीच एक रिकामी जागा होती. संध्याकाळी कागद वाचायला घेतले, तेव्हा सगळ्यांनी आपले म्हणणे नेमके त्या जागेत मांडलेले दिसले.

मानवी राज्याशी लढलेल्यांचा सूर वैतागाचा होता. बुद्धिबळ चांगले खेळणारे एक निवृत्त गृहस्थ तर कागद हातात देतानाच मला म्हणाले होते, "अहो, ऑर्कांवर रात्री चालून जाणारा हा कसला सेनापती? सकाळपर्यंत थांबायला याला काय होते? हा प्रोग्राम नीट लिहिलेला नाही." ऑर्कांशी लढलेल्यांनी मात्र प्रतिस्पर्ध्याचे कौतुकच केले होते. ते 'अंगावर येतात', 'मरणाला भीत नाहीत', 'उतारापाशी लाटेमागून लाट थोपवताना मजा आली', असे लिहिले होते. एका महाविद्यालयीन मुलीने तर ऑर्कांच्या डावपेचाचे वर्णनच केले होते : एका टोळीने आपल्याला मुद्दाम डावीकडे ओढले आणि मग उरलेल्यांनी पूल गाठला.

मी दोन्हींचे लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या चालींच्या नोंदी, शेजारी शेजारी उघडले. डावीकडे ओढणे वगैरे काही घडलेले नव्हते. ती टोळी तिकडच्या रिकाम्या गावाचा ताबा घ्यायला निघाली होती आणि त्या मुलीचे सैनिक तिच्यामागे गेले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऑर्कांनी भर दुपारी, वार चतुर्थांशाने घटलेला असताना, डोंगरावर पाय रोवून उभ्या असलेल्या भालाइतांवर हल्ले केले होते. मानवी सेनापतीच्या रात्रीच्या स्वारीइतकाच हा अविचार होता, कारण दोन्ही निर्णय एकाच कोडने आणि त्याच एका आकड्याने घेतलेले होते. तरीही ऑर्कांना कोणी मूर्ख म्हटले नव्हते. एकाने त्या दुपारच्या हल्ल्यापुढे 'चिडून आले' अशी नोंद केली होती. ऑर्कच तो, चिडणारच!

आमच्या वरिष्ठांचे मत पडले की प्रतिस्पर्धी कमकुवत आहे आणि त्याला आणखी पुढच्या चालींचा विचार करायला लावावा. मला ते पटले नाही. तशी एक प्रायोगिक आवृत्ती आमच्याकडे होतीच. ती जखमी सैनिक मागे नेऊन गावात बरे करी आणि खेळाडूने जपून वाढवलेल्या एखाद्या जादूगारावर, चार प्यादी गमावूनही, सगळी फौज सोडी. हिशेबाने ते अगदी बरोबर होते, पण खेळायला अतिशय कंटाळवाणे होते. 'सिव्हिलायझेशन ४' या संगणक-खेळाचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये याच प्रश्नावर भाषण केले होते. जिंकण्यासाठी झटणारा प्रतिस्पर्धी आणि खेळाडूला मजा यावी म्हणून लिहिलेला प्रतिस्पर्धी या निराळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा मी त्या बैठकीत मांडला. आमच्या कागदांतून मात्र आणखी एक गोष्ट दिसत होती. काल्पनिक जगात प्रत्येक वंशाचा स्वभाव खेळाडू मनात घेऊनच आलेला असतो आणि संगणकाची चूक त्या स्वभावात बसली, तर ती त्याला चूक वाटतच नाही. सेनापती माणूस असला की हे अभय संपते, कारण त्याच्या जागी आपण काय केले असते हे प्रत्येकाला ठाऊक असते.

म्हणून ऑर्कांना आम्ही हातही लावला नाही. मानवी राज्याचा आकडा उतरवला आणि अंधार पडला की त्याची सेना तटबंदीकडे वळेल असे केले. पुढच्या चाचणीत तक्रार आली की हे लोक उगाच पळतात! चाल योग्य होती, पण तिचे कारण पडद्यावर कुठेच दिसत नव्हते. तेव्हा माघारीआधी सेनापतीच्या तोंडी 'उजाडेपर्यंत तट सोडू नका' अशी आज्ञा घातली. कोडची एक ओळही न बदलता तोच प्रतिस्पर्धी लोकांना शिस्तीचा वाटू लागला. यातून अर्थातच नवे दुखणे निघाले. आज्ञा वाचून खेळाडूंना नेमके कळू लागले की शत्रू रात्रभर जागचा हलणार नाही, आणि ते निवांतपणे त्याची बाहेरची गावे लुटू लागले. आता काही घोडेस्वार रात्रीही गस्तीवर ठेवतो. किती ठेवायचे, यावर आमचा वाद अजून चालू आहे.